चाळिशीत हाती आलेला खडू

आपल्या विद्यालयात आम्ही तिघे असे शिक्षक आहोत, की ज्यांच्या हाती खडू आला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर. एकजण लष्करातून निवृत्त होऊन आले, दुसरे एस.टी.त वाहक होते, आणि प्रस्तुत लेख लिहिणाऱ्याचे १४ गळीत हंगाम साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेले. विद्यार्थ्यांनी आमची नावे केव्हाच ठेवली आहेत : फौजी सर, कंडक्टर सर आणि काटेवाले सर. माजी विद्यार्थी भेटावयास येतात, तेही आता पस्तिशी ओलांडलेले असतात, आणि निघता निघता विचारतात की लागलेली नोकरी सोडून आपण इकडे कसे वळलात. विचारणाऱ्याच्या मनात पुष्कळदा स्वतःविषयीचा प्रश्न असतो. स्मरणिकेच्या निमित्ताने तिघांच्या वतीने त्याचे उत्तर द्यावे असे ठरले.

सत्काराच्या भाषणांतून आमच्याविषयी ‘त्याग’ हा शब्द वापरला जातो, तो आम्हांला रुचत नाही. आपल्या समाजात पहिल्या पिढीच्या नोकरीवर तीन-चार घरे चालतात. धाकट्या भावाची फी, बहिणीचे बाळंतपण, गावाकडच्या घरावरचे पत्रे, सारे त्या एका पगारातून निघते. असा माणूस राजीनामा देतो तेव्हा झळ त्यांना लागते, ज्यांना कोणी विचारलेलेही नसते. बी.एड.चे वर्ष (तेव्हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता, २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला) आमच्यापैकी एकाच्या घरी पत्नीच्या शिवणयंत्रावर निघाले, दुसऱ्याच्या घरी सासूबाईंच्या शेळ्यांवर. पुढे तीन वर्षे शिक्षणसेवक. २००० साली ही योजना आली तेव्हा माध्यमिक शाळेसाठी मानधन दरमहा ४,००० रुपये होते. ते १८,००० झाले २०२३ मध्ये. चाळिशीच्या माणसाने, दोन मुले शाळेत असताना, उमेदवार म्हणून पुन्हा खालच्या पायरीवर उभे राहायचे. आमच्यातील एकाचे वडील तेव्हा म्हणाले होते, “बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, लागलेली नोकरी सोडा म्हणून कुठं सांगितलं?” त्यावर घरात कोणापाशीही उत्तर नव्हते.

इतिहास हा विषय असल्याने पूर्वसूरी शोधण्याची खोड आहेच. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षकाचे शिक्षण घेऊन ते लष्करी शाळेत सुमारे १४ वर्षे मुख्याध्यापक होते. फौजी सरांना हा दाखला फार प्रिय. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली ती ८ जुलै १९४५ रोजी. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. आपला जिल्हाही या बाबतीत मागे नाही. मिस फॅरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही याच शहरात.

परंतु पूर्वसूरी सापडले म्हणून कोणी पेशा बदलीत नाही. फौजी सरांनी भरतीच्या मैदानावर धावण्यात पहिला आलेला मुलगा दहावीच्या कागदाअभावी परत फिरताना पाहिला होता, एकदा नव्हे, अनेकदा. कंडक्टर सरांच्या सकाळच्या गाडीत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दाखवून मुली बसत. दिवाळीनंतर त्यांतल्या काही दिसेनाशा होत. त्या कोठे जात, हे वजनकाट्यावर दिसत असे.

हंगाम सुरू झाला की पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही ऊस तोडतात, आणि हिशेबात त्या दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. माणसे अवजाराच्या नावाने मोजण्याची ही रीत कोणालाच खटकत नाही, याचे आम्हांला अजून नवल वाटते. रात्री दोनच्या सुमारास टायरगाडी काट्यावर चढे. उसाच्या मोळ्यांवर गोणपाट पांघरून मूल झोपलेले असे. भरलेल्या गाडीचे वजन घ्यायचे, गव्हाणीशी ऊस उतरला की रिकाम्या गाडीचे घ्यायचे, वजाबाकी करून पावती द्यायची, एवढेच काम. मूल दोन्ही वेळा गाडीवरच असे, त्यामुळे त्याचे वजन वजाबाकीत नाहीसे होई. अशी वजाबाकी १४ हंगाम केली. मधल्या काळात साखरशाळा निघाल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गावोगावी हंगामी वसतिगृहे आली. पुष्कळ मुले त्यामुळे शाळेत टिकली, हे मान्य केलेच पाहिजे. तरी धाकटे भावंड सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीला खोपीवर नेणे थांबले नाही.

एका वर्षी आठवीला महार वतन शिकवणे चालले होते. तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबण्याचे बंधन, १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेले दुरुस्ती विधेयक, आणि १९५८ चा वतने रद्द करणारा कायदा. पाथर्डीकडची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, म्हंजी ही उचलच की.” दोन्हींत फरक आहे, हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगायलाच हवे : वतन जन्माने येई, उचल अंगठ्याने येते. तिने क्षणभर विचार करून विचारले, “आमच्या आबांची राहिलेली उचल पप्पा फेडतेत, मंग ती जन्मानं न्हाई आली का?” त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही.

त्याच मुलीचे वडील सहामाही परीक्षेनंतर तिला न्यावयास आले. “सर, औंदा न्यावंच लागंल. धाकलं लेकरू हाय, कोण बघणार?” शिक्षणाचे महत्त्व त्यांना सांगण्याची गरज नव्हती; मुलीला येथवर आणणारे तेच होते. फौजी सरांनी चहा मागवला. “दादा, मागच्या हंगामाच्या पावत्या आहेत का?” असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून चुरगळलेली पुडकी काढली. मुकादमाच्या वहीतल्या खेपा आणि पावत्यांवरच्या खेपा जुळत नव्हत्या. रात्री उशिरापर्यंत बेरजा चालल्या. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन कंडक्टर सर त्यांच्याबरोबर मुकादमाकडे गेले. उचल फिटली नाही, थोडी उतरली. धाकटे लेकरू मावशीकडे राहिले आणि मुलगी वसतिगृहात. ती पुढे दहावी झाली. तिच्याबरोबरच्या दोघी मात्र त्या दिवाळीनंतर परतल्या नाहीत. त्यांची नावे आम्ही मार्चपर्यंत हजेरीपटावर तशीच ठेवली होती.

इकडे वळू पाहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे व्यवहाराचे आहे. वयाची अट आणि बी.एड.ची दोन वर्षे यांचा हिशेब आधी मांडावा. पहिली ते आठवीसाठी टीईटी लागते. घरच्या मंडळींना निर्णयानंतर कळवू नये, निर्णयालाच बसवावे. त्याहीआधी आठ दिवस येथे येऊन राहावे. अधीक्षकांच्या खोलीशेजारी एक पलंग रिकामा असतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा निवडल्यास उत्तम, कारण तेव्हा न परतलेली मुले आणावयास वाड्या-वस्त्यांवर जावे लागते आणि आम्हांला मोटारसायकली कमी पडतात.