चढाला अंधार, उताराला उजेड

पुण्यातली माझी सायकलवाली मंडळी दर थंडीत कोकणात उतरतात. दाभोळला फेरीबोटीत सायकली चढवायच्या, पलीकडे धोपाव्याला उतरायचं, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठायचं, पुन्हा बोट, पुन्हा जयगडचा चढ, आणि मग जांभ्या दगडाच्या सड्यांवरून गणपतीपुळ्यापर्यंत उजव्या हाताला समुद्र. रस्ता देखणा आहे, वादच नाही. पण परत आल्यावर ही मंडळी मला दर वेळी विचारतात, ‘तुमच्या मराठवाड्यात सायकल चालवण्यासारखं काय आहे रे?’ मी ‘तेरखेडा’ म्हणतो आणि सगळे हसतात. सोलापूर-धुळे रस्त्यानं ते कधीतरी गेलेले असतात. रस्त्याकडेला फटाक्यांची दुकानं दिसली, दिवाळीचा माल स्वस्तात डिकीत भरला, एवढीच त्यांची तेरखेड्याशी ओळख.

फटाक्यांबद्दल मी लिहिणार नाही. तेरखेडी तोटा किती मोठ्यानं वाजतो हे ज्याला त्याला माहीत आहे, आणि फटाक्यांच्या कारखान्यांत होरपळून गेलेली माणसं कुणाच्या घरची होती हे गावाला माहीत आहे. मला सांगायचंय ते गावामागच्या माळाबद्दल.

बालाघाटची रांग लांबून डोंगरासारखी वाटतच नाही. माथा सपाट, आणि कडेला आलं की एकदम उतार. ही रांग गोदावरीचं खोरं आणि भीमेचं खोरं एकमेकांपासून वेगळं करते. तेरणा उगम पावते ती तेरखेड्यालाच. माथ्याच्या धारेवर पडलेल्या पावसाची तिथल्या तिथे वाटणी होते. पूर्वेकडे गेलेलं पाणी तेरणेतून मांजरेत आणि पुढे गोदावरीत. पश्चिमेकडे गेलेलं सीनेतून भीमेत आणि पुढे कृष्णेत. शेवटी दोन्ही वाटेकरी बंगालच्या उपसागरालाच मिळतात. कोकणचा समुद्र इथून पश्चिमेला सरळ रेषेत तीनेकशे किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या मुखाच्या निम्म्याहून कमी अंतरावर. पण त्याच्या वाट्याला आमचा एक थेंब जात नाही. रस्ता मात्र तिकडेच जातो. आधी २११ आणि आता ५२ असा नंबर लागलेला हा राष्ट्रीय महामार्ग पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि कर्नाटकात अंकोल्याला, अरबी समुद्राच्या काठी संपतो. तेरखेड्याच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, ‘मग? सोलापूरपत्तोर गेलं तरी लई झालं.’

आणि समुद्राशी आमचं नातं काही आजचं नाही. तेरणेच्या काठानं खाली गेलं की तेर लागतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची जी माहिती लिहून ठेवली, त्या ‘पेरिप्लस’मध्ये हे गाव तगर या नावानं आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असा त्याचा पत्ता दिलाय. इथलं कापड आणि समुद्रकाठाहून इथे आलेला माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचा. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली पाहिली आणि तिची जुळी शोभावी अशी बाहुली इटलीत पाँपेईच्या राखेत १९३८ साली सापडली हे कळलं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो चाकांचा. त्या गाड्या कोणत्या खिंडीनं चढल्या असतील? बैलांना चढ कुठला सोपा गेला असेल? सायकलवाल्याच्या डोक्यात दुसरं काही येत नाही.

माथ्यावरची धार नेमकी कुठे आहे हे माझ्या मामांना पक्कं ठाऊक होतं, कारण तिथे ते रोज लघवीला थांबायचे.

मामांचा धंदा खवा पोचवण्याचा. भूम, वाशी या पट्ट्यात पाण्याची बोंब. शेतीपेक्षा म्हशीचा भरवसा जास्त. आमच्या वस्तीवर भट्टी होती. संध्याकाळचं दूध लोखंडी कढईत ओतायचं आणि आटेपर्यंत हात थांबवायचा नाही. पाच लिटर दुधाला किलोभर खवा. रात्री गोळे ओल्या पांढऱ्या फडक्यात बांधून पाटीत रचायचे, आणि तांबडं फुटायच्या आधी ती पाटी सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायची. तिथून सरमकुंडी फाटा. पहिली एसटी चुकली तर माल उन्हात सापडला, आणि उन्हात सापडलेला खवा आंबला म्हणूनच समजायचं. कुंथलगिरीच्या पेढ्याचं सगळे कौतुक करतात; तो खवा अंधारातून कुणी ओढला, हे कुणी विचारत नाही.

सायकल ॲटलस, चोवीस इंची, सळईच्या ब्रेकची. सुट्टीत मामा मला पुढे नळीवर बसवून न्यायचे. जाताना पाटीचं ओझं, त्यात मी, आणि समोर धारेपर्यंतचा लांब चढ. चढ सुरू झाला की मामा मागे हात घालून डायनामो टायरवरून बाजूला करायचे. डायनामो टायरला टेकला की चाक जड होतं. दिवा विझायचा. काळामिट्ट माळ, मामांचा श्वास, साखळीचा कुरकुर आवाज, टायरखाली खडी चुरल्याचा आवाज. रस्ता दिसत नसे. मामा म्हणायचे, ‘बगायचं न्हाई, बूड सांगतंय तसं जायचं.’ आणि खरंच, मधला घासलेला पट्टा कुठला आणि कडेचा भुसभुशीत मुरूम कुठला, हे सीटवरून कळत असे. माथा आला की सायकल उभी. मामा उतरायचे, पश्चिमेकडे तोंड करायचे. एकदा मी उलट्या बाजूला वळलो तर खांद्याला धरून फिरवलं.

‘तिकडं न्हाई. तिकडं तेरणामाय हाय. खाली तेरला गोरोबाकाका हाईत.’

‘मग इकडं?’

‘हिकडचं बार्शी-परंड्याकडं जातंय.’

‘बार्शीच्या लोकांनी काय केलंय?’

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ते पैल्यापासनं विंग्रजाचे.’

मामा लहान असताना आमचा मुलूख निजामाचा होता, बार्शी इंग्रजांची. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, बार्शीत इंग्रज त्याच्याही आधी संपला होता, पण मामांची सरहद्द त्या धारेवर शाबूत होती.

मग उतार. मामा डायनामो पुन्हा टायरला टेकवायचे आणि दिवा हळूहळू तांबूस, मग पिवळा, मग पांढरा होत जायचा. जितका वेग तितका उजेड. ब्रेक दाबायचे नाहीत. गती फार झाली की टायरच्या चपलेचा तळवा मागच्या चाकाला लावायचे, जळक्या रबराचा वास यायचा. त्या उजेडात तरवडाची पिवळी फुलं, कुसळाचं गवत, एखाद्या सशाचे डोळे, क्षणभर दिसायचे आणि मागे पडायचे. कड्याच्या टोकाशी वळण होतं. तिथे खालचा सगळा मुलूख धुक्याखाली असायचा आणि मधूनच एखादी टेकडी वर डोकं काढून उभी. कोकणात मी नंतर समुद्र पाहिला. पुष्कळ पाहिला. पण त्या वळणावर पोटात जो खड्डा पडायचा तो वेळणेश्वरला पडला नाही.

आता मामांचा जो रस्ता होता, तो कुणी सहलीसाठी बांधलेला नव्हता. ते १९७२ च्या दुष्काळाचं काम. त्या वर्षी मराठवाड्यात माणसं हाताला मिळेल ते काम करायची. रोजगार हमीही त्याच काळातली. पाझर तलाव, नालाबांध आणि असे रस्ते. बायका दिवसभर खडी फोडायच्या आणि पोरांना सुकडी मिळायची. माझ्या आईनं या रस्त्याची खडी फोडली आहे. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा हातोडीखाली गेलं, ते पुढे वाकडंच उगवलं. भाकरी थापताना ते नख पिठात वेगळी रेघ उमटवायचं. आज ज्याला माउंटन बायकिंग म्हणतात, शॉकॲब्सॉर्बर आणि डिस्क ब्रेकच्या लाखभराच्या सायकली घेऊन लोक ज्या वाटा शोधत फिरतात, त्या आमच्या भागात बहुतेक या दुष्काळी वाटा आहेत. नकाशावर त्या कुठल्याच नावानं नाहीत.

यंदा श्रावणात मी गिअरची सायकल घेऊन गेलो. हायवे चौपदरी झालाय हे माहीत होतं. मध्ये दुभाजक, त्यामुळे या बाजूच्या शेतातून त्या बाजूच्या शेतात जायला माणसं आता लांबचा वळसा घालतात. जुनी लिंबाची झाडं गेली, तेही ऐकून होतो. पण माळावरचा रस्ता जाईल असं वाटलं नव्हतं. तिकडे कोण जातंय? तर पवनचक्क्या गेल्या. पात्याची लांबी एवढी, की ते घेऊन येणाऱ्या ट्रेलरला वळता यावं म्हणून मामांचं वळणच कापून काढलंय. जुन्या दगडी सोलिंगवर मुरमाचा जाड थर, त्यावर रोलर. कड्याच्या टोकाशी क्रेन उभी करायला केलेलं सपाट मैदान. रस्ता आता चौपट रुंद आहे आणि सायकलला काहीच त्रास देत नाही.

कुणाला भाडं मिळतंय, कुणाची मोबदल्यावरून भांडणं चालू आहेत, जिल्ह्याच्या पेपरात रोज काहीतरी असतं. वीज हवी, हे मला कळतं. पण पुण्यातल्या माझ्या घराच्या दिव्यासाठी आईनं फोडलेली खडी गाडली गेली, हे कळून घ्यायला मी तयार नाही. आणि सांगतोच आहे तर सांगून टाकतो: मामांची ॲटलस आमच्या थोरल्या बंधूंनी भंगारात दिली. मामांच्या तेराव्यानंतर लगेच. ‘गंजून गेलती,’ म्हणाले. गंजलेली नव्हती. डायनामो तर चालू होता. बंधूंचं शेत त्याच माळाला लागून आहे आणि एका पवनचक्कीचा पाया त्यात आहे, याचा वरच्या परिच्छेदाशी संबंध नाही असं मी म्हणू शकतो; वाचकांनी विश्वास ठेवायलाच पाहिजे असं नाही.

तरी त्या दिवशी मी पुढे गेलो. येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराला वळसा घातला. चैत्र पौर्णिमेनंतर जिथे माणसांचा पूर लोटतो आणि जो तो चुनखडी वेचतो, ते रान त्या दिवशी रिकामं होतं. तिथून येडशी, आणि मग रामलिंगची दरी. १९९७ पासून हे अभयारण्य आहे, जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. एवढ्याशा रानात २०२४ च्या शेवटी विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत आला. पाचेकशे किलोमीटर, वाटेत शेतं, कालवे, हायवे. त्यानंही बहुधा दुष्काळी वाटाच धरल्या असतील. त्या वाटा गावांना टाळून माळाच्या कडेनं जातात. मला तो वाघ दिसला नाही. माकडं दिसली, त्यांनी केळी घेतली.

कोकणवाल्या मंडळींना मी आता पुन्हा तेरखेडा सुचवणार आहे, आणि हसले तरी सुचवणार आहे. यायचं तर आषाढ ते कार्तिकात या, नंतर माळावर फक्त कुसळं उरतात आणि ती मोज्यांतून निघत नाहीत. सायकल रेल्वेनं आणणार असाल तर धाराशिवला उतरा. हायवेनं येऊ नका, येडशी ते येरमाळा आतल्या रस्त्यांनी या. रामलिंगच्या दरीत कच्च्या वाटेवर घुसायच्या आधी वनखात्याच्या माणसाला विचारा. पाणी सोबत ठेवा. माळावर विहिरी आहेत, पण त्या कुणाच्या तरी आहेत. आणि पवनचक्कीच्या रुंद रस्त्यानं जाताना डाव्या-उजव्या बाजूला कुठे जुन्या सोलिंगचा तुकडा उघडा पडलेला दिसला, तर सायकल त्याच्यावरून घ्या. थोडे हादरे बसतील.