सूनबाईचा पास्ता

मागच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहून टाकतो.

एचबीए१सी ७.८ आल्यापासून माझा भात निम्म्यावर आला. तोंडाची चव गेलेली. सूनबाईनं ऑफिसातून दमून येऊन मुद्दाम गव्हाचा पास्ता केला, तर मी ताट सरकवून म्हणालो, "हा मैद्याचा चिखल मला नको. मारायचंय का?" ती काही बोलली नाही, आत गेली. हिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे.

रात्री झोप लागेना. चौतीस वर्षं बँकेत कर्जाचे कागद तपासले, आणि इथे कागद न वाचताच अर्ज नामंजूर! उठलो, कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढलं, चष्मा लावला. पाकिटावर पुढे असते ती जाहिरात, खरं काय ते मागे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियमच आहे. इथे पहिलं नाव अख्ख्या ड्युरम गव्हाचं. मैदा नव्हताच.

ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू हो! काचीगुड्याच्या घरी गच्चीवर आई शेवया वाळत घालायची, त्या याच गव्हाच्या रव्याच्या. पास्त्याचं पीठ घट्ट दाबून पाडलेलं असतं, म्हणून त्यातला स्टार्च सावकाश पचतो आणि शुगर ब्रेडपेक्षा हळू चढते. मात्र तो दाताखाली थोडा लागला पाहिजे, गिळगिळीत शिजवला की फायदा गेला.

तरी धान्य ते धान्यच. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण ३५० कॅलरी, म्हणजे कणकेइतक्याच. आपल्या तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलंय की दिवसाची ऊर्जा धान्यातून ४५ टक्क्यांवर जाऊ नये. तेव्हा पास्ता पोळीच्या जागी, पोळीबरोबर नव्हे. चीज आणि क्रीमचा खर्च वेगळाच.

सकाळी सूनबाईची माफी मागितली. म्हणाली, "बाबा, मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

रविवारी परत केला. माझ्या वाट्याला ५० ग्रॅम, बाकी ताटात भाज्या आणि उकडलेले हरभरे. दोन तासांनी मीटरवर १४८. एका नोंदीवर ताळेबंद होत नाही, हे कळतं मला. पुढच्या रविवारी पुन्हा बघणार आहे.

ही म्हणाली, "म्हणजे वरणफळंच की, वरण तेवढं विसरलात," आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी ओतली.