भिंतीवरचं प्रूफ

राहुरीच्या बाजारपेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, असा सगळा कारभार. यातलं तापदायक काम एकच, लग्नपत्रिका. प्रबंधवाला एकटा येतो, पतसंस्थेचा सेक्रेटरी एकटा येतो. पत्रिकेला मात्र नवरदेवाचे वडील, चुलते, मामा आणि चष्मा न लागणारा एखादा भाचा, अशी गाडी भरून माणसं यायची. ती सगळी माझ्या सतरा इंची मॉनिटरवर वाकायची. मानेवर तंबाखूचे श्वास आणि पडद्यावर बोटं. एलसीडीवर बोट दाबलं की तिथे रंग फुटतो, हे कुणाला किती वेळा सांगणार?

२०१४ साली शिर्डीतल्या एका लॉजने आपले टीव्ही बदलले. त्या सुमाराला एलईडी टीव्ही स्वस्त झाले होते आणि प्लाझ्माचे दिवस भरले होते. पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीला प्लाझ्मा बनवणं थांबवलं होतं, सॅमसंग आणि एलजी त्याच मार्गावर होते. लॉजच्या रिसेप्शनमधला ४२ इंची प्लाझ्मा मला जवळजवळ भंगाराच्या भावात मिळाला. भिंतीवर लावायचा, कॉम्प्युटरला जोडायचा, पाहुण्यांनी बाकड्यावर बसूनच वाचायचं, असा साधा बेत होता.

आणणं मात्र साधं नव्हतं. प्लाझ्मा म्हणजे दोन मोठ्या काचा आणि त्यांच्यामध्ये वायू भरलेले लाखो बारीक कप्पे. स्टँडसकट वजन तीस किलोच्या पुढे. तो आडवा टाकून न्यायचा नसतो, काच स्वतःच्याच वजनाने तडकू शकते. उभाच न्यायचा, तोही नगर-मनमाड रस्त्याने! छोटा हत्ती टेम्पोत दोन्ही बाजूंनी गाद्या लावल्या, मध्ये टीव्ही उभा केला आणि माझा भाचा मागे त्याला कवळ घालून बसला. राहाता, बाभळेश्वर, कोल्हारचा पूल, राहुरी फॅक्टरी. त्या रस्त्यावरचे खड्डे ज्याने पाहिलेत त्याला पुढचं सांगायला नको. ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्याआधी मागे वळून ओरडायचा, "धरा, आला!" टीव्ही शाबूत आला. भाच्याची कंबर दोन दिवस धरली होती.

जोडल्यावर पहिली गंमत ही की विंडोजचं स्टार्ट बटणच दिसेना. एचडीएमआयच्या वायरीतून चित्र दिलं की टीव्ही त्याच्या चारी कडा कापून उरलेलं ताणून दाखवतो. जुन्या काळी प्रसारणाच्या चित्राच्या कडा खराब असायच्या, त्या लपवायची ही सोय. सिनेमात कडेचं चार बोटं झाड गेलं तर कुणाला कळत नाही, पण कॉम्प्युटरवर टास्कबार नेमका कडेलाच. ती कापाकापी बंद करायचा पर्याय मेनूच्या तळाशी, भलत्याच नावाखाली सापडला.

दुसरी गंमत जास्त खोलातली. या टीव्हीची काच रुंद, सोळाला नऊ या प्रमाणातली, पण तिच्यातले ठिपके आडवे १०२४ आणि उभे ७६८. ते तर चाराला तीन प्रमाणाचे. हिशेब जुळावा म्हणून कारखान्यात प्रत्येक ठिपकाच उंचीपेक्षा रुंदीला तिसऱ्या हिश्शाने जास्त केलेला. टीव्ही स्वतः ताणून-दाबून चित्र बसवतो, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. कॉम्प्युटरला मात्र दोनच वाटा. व्हीजीएच्या वायरीने १०२४ बाय ७६८ दिलं, तर ठिपक्याला ठिपका बसतो आणि अक्षर रेखीव येतं, पण सगळं आडवं पसरतं. १२८० बाय ७२० दिलं तर आकार बरोबर, पण अक्षर मऊ पडतं आणि अनुस्वार शिरोरेषेत विरघळतो. पहिल्या वाटेने पत्रिका दाखवली, तेव्हा एक आजोबा बराच वेळ बघून म्हणाले, "गणपती ठीक आहे हो, नवरदेवाचा फोटो येवढा का सुजलाय?" दुसऱ्या वाटेने 'सौ. कां.' मधल्या 'कां'चा 'का' झाला. शेवटी आकार दाखवायचा तेव्हा दुसरी वाट, शुद्धलेखन तपासायचं तेव्हा पहिली, अशी अदलाबदल करायची सवय लागली. वायर बदलायला मागे हात घातला की उन्हाळ्यात तव्याजवळ गेल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला मी त्याच एका पडद्यावर टायपिंगही करून पाहिलं. जमत नाही. एकेक ठिपका जवळपास एक मिलिमीटर रुंद, हातभर अंतरावरून अक्षराऐवजी ठिपकेच दिसतात. मागे सरकावं तर कीबोर्ड मांडीवर आणि श्रीलिपी सॉफ्टवेअरमधल्या जोडाक्षरांचे कोड लिहिलेला कागद टेबलावर. शिवाय मान. तासाभरात मान डावीकडून उजवीकडे फिरवून फिरवून मी टेनिसच्या पंचासारखा थकायचो. मग सतरा इंची पुन्हा टेबलावर आला, ग्राफिक्स कार्डाचं दुसरं तोंड प्लाझ्माला दिलं. काम इथे, दर्शन तिथे.

दर्शन हा शब्द मी उगाच वापरत नाही. लॉजच्या रिसेप्शनमध्ये तो टीव्ही दिवसभर, वर्षानुवर्षं, साईबाबांच्या समाधी मंदिरातलं थेट दर्शन दाखवत होता. कॅमेरा एकाच जागी, चित्र तेच. प्लाझ्माच्या प्रत्येक कप्प्यात निऑन आणि झेनॉन हे वायू असतात, विजेच्या धक्क्याने त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते आतल्या लाल, हिरव्या, निळ्या लेपावर पडून रंग दिसतो. हा लेप झिजतो. जिथे सतत उजेड, तिथे जास्त झिजतो. बाबांची मूर्ती पांढऱ्या संगमरवराची, त्यामुळे त्या जागेचा लेप सगळ्यात जास्त झिजलेला. रंगीत चित्रात काही कळायचं नाही. पण पांढऱ्या पानाची पत्रिका उघडली, की मधोमध फिकट राखाडी रंगात बसलेली आकृती, तिच्या मागे सिंहासनाची कड आणि खाली धावत्या अक्षरांची पट्टी. नवऱ्या मुलीचं नाव बरोबर बाबांच्या गुडघ्यावर.

घालवायचे उपाय होते. पूर्ण पांढरा पडदा रात्रभर चालवायचा, पुढेमागे सरकणारी पट्टी लावायची. ताजा डाग असला तर जातो. हा मुरलेला होता. मला वाटलं, गिऱ्हाईक नावं ठेवणार. झालं उलटंच. एका मावशींनी आधी ओळखलं, चपला काढल्या आणि लांबूनच नमस्कार केला. मग बातमी फिरली. दोन-तीन पार्ट्या नगरची दुकानं सोडून माझ्याकडे आल्या, पत्रिका बाबांसमोर तपासायची म्हणून. मी विज्ञान समजावून सांगायचा प्रयत्न एकदा केला. पुन्हा नाही केला. धंदा आहे.

माझ्या स्वतःच्या खुणा त्यावर उमटू नयेत म्हणून मात्र मी दक्ष होतो. टास्कबार लपवलेला, वॉलपेपर काळा, पाच मिनिटं हात लागला नाही की पडदा बंद. तरी कोरलड्रॉची टूलपट्टी डाव्या कडेला हळूहळू उमटलीच.

या यंत्राचा इतिहास मी नंतर वाचला आणि गंमत वाटली. प्लाझ्मा पडदा टीव्हीसाठी जन्मलाच नव्हता. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो बनवला तो 'प्लेटो' नावाच्या, कॉम्प्युटरवरून शिकवण्याच्या यंत्रणेसाठी. तेव्हा कॉम्प्युटरची मेमरी फार महाग होती. या पडद्याची खुबी अशी की एकदा पेटवलेला ठिपका, विझवा म्हणेपर्यंत पेटलेलाच राही. चित्र लक्षात ठेवण्याचं काम पडदाच करी, कॉम्प्युटरला ते ओझं नाही. पुढे १९७० च्या दशकात प्लेटोच्या टर्मिनलांवर ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचे नारिंगी पडदे आले. रंगीत टीव्ही व्हायला त्यापुढे वीसेक वर्षं लागली. माझ्या भिंतीवरच्या बाबांचं कारण वेगळं, ती झीज आहे, स्मरणशक्ती नव्हे. तरी प्लाझ्माच्या घराण्यात विसरणं अवघडच दिसतंय.

पडद्याचा आणखी एक स्वभाव होता. पांढरं जितकं जास्त तितकं त्याचं तोंड उतरे. सगळे कप्पे एकदम पेटले तर वीज आणि उष्णता आवाक्याबाहेर जाईल, म्हणून तो आपोआप उजेड कमी करतो. वर्डचं कोरं पान करडं दिसायचं. काळ्या पडद्यावर छोटं पिवळं अक्षर मात्र दिव्यासारखं झळके. याचा खरा फायदा विद्यापीठातल्या मुलांनी उचलला. त्यांच्या सादरीकरणात गडद निळी पार्श्वभूमी आणि पिवळी अक्षरं हा जणू नियमच. प्रबंध बांधायला टाकला, की "काका, जरा टीव्हीला जोडा ना," म्हणून पेनड्राइव्ह पुढे करायची आणि उसाच्या वाणांचे आलेख दाखवत माझ्यासमोर तालीम करायची. ठिबकवर दिलेल्या नत्राचा परिणाम मला आता बऱ्यापैकी सांगता येतो.

विजेचं गणित सोपं होतं. मागच्या पट्टीवर तीनशे वॉटच्या पुढचा आकडा. सहाशे व्हीएचा यूपीएस कॉम्प्युटरसह हे ओझं घेईना, किंचाळून बंद पडायचा. म्हणून टीव्ही थेट लाइनवर ठेवला. लाइट गेली की भिंत काळी आणि टेबलावरचा मॉनिटर चालू. पत्रिकेचा वाद पेटलेला असताना असं झालं, तर मी मनात महावितरणचे आभार मानी.

कारण वाद होत. पूर्वी सतरा इंचीवर सगळे वाकले तरी नीट वाची तो पुढे बसलेला एकटा माणूसच, बाकीचे "बरोबर आहे ना?" विचारत, तो "हो" म्हणे आणि सही करी. चुका पत्रिका वाटताना कळायच्या. भिंतीवर तेच पान तीन फुटांचं झाल्यावर सगळ्यांना सगळं एकदम दिसायला लागलं. चुका चटकन सापडू लागल्या हे खरं. मुहूर्ताचा वार आणि तारीख जुळत नसल्याचं मागच्या बाकड्यावरच्या पोराने पकडलं, एका आजीने माहेरच्या गावाची वेलांटी दुरुस्त केली. पण शुद्धलेखन संपलं की मानपान सुरू. निमंत्रकांच्या यादीत कोण वर, कोण खाली. "आबा थोरले, ते बापूंच्या खाली कसे?" "बापू सोसायटीचे चेअरमन आहेत." "चेअरमन बाहेर. घरात थोरला तो थोरला." मग दोघं एका ओळीत घ्यायचे, तर डावीकडे कोण? किलबिलमध्ये 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' याखाली सतरा पोरांची नावं, आणि अठरावं राहिलेलं असतं ते नेमकं तिथे उभ्या असलेल्या बाईचं. माझा कर्सर भिंतीवर फिरत असे आणि दहा जणांचे डोळे त्याच्यामागे. कुणाचं नाव निवडलं की त्याभोवती काळे चौकोन उमटत, तो माणूस सावरून बसे. एकदा एका भावाने दुसऱ्याच्या नावाचा टाइप पट्टी लावून मोजला. खरीखुरी लाकडी पट्टी, टीव्हीच्या काचेवर.

तरी सांगतो, हे वाद तासाभरात मिटायचे. सगळे समोर असत, घरातला मोठा माणूस एक शब्द बोले, मी नाव सरकवी, सगळे बघत आणि सही होई.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि प्रूफ व्हॉट्सॲपवर जायला लागलं. आता पाहुणे दुकानात येत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर, आपापल्या शेतात उभा राहून आपलं नाव शोधतो. रात्री अकराला व्हॉइस मेसेज येतो, 'आबांना वर घ्या'. सकाळी सहाला दुसरा, 'कुणी सांगितलं वर घ्यायला?' एकमेकांशी न बोलता सगळे माझ्याशी बोलतात. हा त्रास जुन्या त्रासापेक्षा जास्त आहे, असं माझं ठाम मत झालंय.

प्लाझ्मा अजून भिंतीवर आहे. मध्ये पॉवर सप्लायचा बोर्ड गेला, नवा कुठेच मिळेना. नगरच्या एका मेकॅनिकने दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतला काढून बसवला. गेल्या लग्नसराईत वांबोरीकडचे एक गृहस्थ आले, मोबाइलवरचं अक्षर दिसत नाही म्हणाले, भिंतीवर दाखवा. दाखवलं. त्यांनी पुण्यातल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल दोन्ही हातांनी टीव्हीसमोर धरून उभे राहिले. पोरगा तिकडून ओरडला, "दादा, जरा मागं सरका. हां. आता खाली घ्या. अजून खाली." आणि मग, "अहो, नाशिकच्या मामांचं नावच नाही!"