खडीच्या रस्त्याचा शिरस्ता

अलास्कातील लिव्हनगुडपासून आर्क्टिक किनाऱ्यानजीकच्या डेडहॉर्सपर्यंत ६६६ किलोमीटर जाणारा डाल्टन महामार्ग प्रवाशांच्या सोयीसाठी झालाच नाही. तेलवाहिनीच्या बांधकामाची सामग्री उत्तरेस पोहोचावी एवढ्याच हेतूने १९७४ साली तो घाईने उभारला गेला, आणि सामान्य जनतेस त्याच्या अखेरच्या टोकापर्यंत जाण्याची मुभा थेट १९९४ मध्ये मिळाली. त्याचा बराचसा भाग आजही खडीचाच आहे. अशा रस्त्यावर आपण पाहुणे, आणि प्रुडो बेच्या तेलक्षेत्राकडे माल वाहणारे अवजड ट्रक यजमान, हे ध्यानी येण्यास मला एक काच खर्ची घालावी लागली.

समोरून ट्रक येत होता. मी माझ्या बाजूने, कायद्याच्या मर्यादेत चाललो आहे, मग वेग कशास उतरवावा, असा माझा बाणेदार हिशेब. ट्रक बाजूने गेला न गेला तोच बार उडावा तसा आवाज झाला आणि डोळ्यांसमोर रुपयाएवढी चांदणी उमटली. त्या चालकास मी मराठीत जी विशेषणे बहाल केली ती छापण्याजोगी नाहीत. पण पुढील मुक्कामी, कोल्डफूटला, कॉफी पिताना शांतपणे विचार केला तेव्हा त्यांतली निम्मी तरी माझ्याच वाट्याला येतात असे दिसून आले. टायरने उडवलेला दगड हवेत असतो, त्यावर आपण आपल्या गाडीच्या साऱ्या वेगानिशी जाऊन आदळतो, आणि आघाताची ऊर्जा या एकत्रित वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे समोरच्याच्या वेगावर माझा अंमल चालत नसला, तरी त्या बेरजेतला माझा आकडा माझ्याच पायाखाली असतो.

तेव्हापासून दिवसाउजेडीही दिवे लावायचे, धुळीचा लोट दिसताच वेग उतरवायचा, आणि रस्त्याची कड भुसभुशीत नाही याची खातरजमा करून शक्य तितके उजवीकडे सरकायचे, हा माझा शिरस्ता झाला. (जन्मभर डावी बाजू धरलेल्या माणसाचा हात घाबरला की डावीकडेच ओढतो, म्हणून घाबरण्यापूर्वी सरकावे.) ट्रकच्या मागे राहणे तर त्याहून अवघड, कारण जोडटायरांच्या खाचेत अडकलेला दगड कधी सुटेल याचा नेम नसतो, तेथे अंतर राखणे हीच एक तजवीज. मागचा ट्रक घाईत असेल तर बाजूस होऊन त्याला वाट द्यावी, पण तो पुढे गेल्यावर धूळ बसेपर्यंत निघू नये.

पुढची काच दोन थरांची असून मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती फुटली तरी विखरत नाही; मात्र बाहेर हिमवारा आणि आत काचेवर सोडलेली ऊब, या ओढाताणीत लहानशी चांदणीही बघता बघता आडवी धावते. अशा वेळी ऊब बेताची ठेवावी आणि दुरुस्ती होईतो चांदणीत धूळ-पाणी शिरू नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. कोल्डफूट ते डेडहॉर्स या सुमारे ३८५ किलोमीटरांत ना पेट्रोल मिळते, ना काच.

माझी गाडी अजून तीच आहे, काच मात्र तिसरी. दुसरी गेली तेव्हा मी दिवे लावून, कडेला, पूर्ण थांबलेलो होतो.