मीटर सात दाखवत होता

बाबा एचओसीत होते. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, स्थापना १९६०. रसायनीत कुणाला पूर्ण नाव सांगावं लागत नाही. २०१७ मध्ये सरकारने इथलं युनिट बंद करायचं ठरवलं. रॉकेटला लागणारं एक रसायन बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे गेला आणि बाबा घरी आले. पुढे बीएस्सी झाल्यावर मला पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ईटीपी लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा घरात माझ्यापेक्षा तेच जास्त खूश होते.

काम सोपं होतं. दर दोन तासांनी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचं सॅम्पल आणायचं, त्यात पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवायचा, आकडा लॉगबुकात लिहायचा. बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ मध्ये हवा. आमच्या वहीत ७.०, ७.१, ७.०, ७.१. इतकं शहाणं पाणी मी कुठे पाहिलं नव्हतं, पण नवीन माणूस असल्या शंका घेत नाही.

एका नाइट शिफ्टला झोपेच्या तारेत इलेक्ट्रोड चुकून टायट्रेशनसाठी ठेवलेल्या ॲसिडच्या बीकरमध्ये घातला. मीटरवर आलं ७.०.

झोप उडाली. ४ चा बफर घेतला. ७.०. मग ९.२ चा. ७.१. इलेक्ट्रोड ट्यूबलाइटसमोर धरला, तर टोकाच्या काचेला केसाएवढी तडा गेलेली.

आता यात गंमत काय ते सांगते. इलेक्ट्रोडच्या टोकाला अगदी पातळ काचेचा फुगा असतो आणि आत ७ पीएचचं द्रावण. बाहेरच्या पाण्याची आम्लता आतल्यापेक्षा वेगळी असली की काचेच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. २५ अंश तापमानाला एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. म्हणजे पीएच मीटर हा खरं तर व्होल्टमीटरच. फक्त काचेतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे साध्या मीटरला ते जमत नाही. आर्नल्ड बेकमनने १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठी व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर वापरून ही अडचण सोडवली. पण काच तडकली की आतबाहेर असा भेदच उरत नाही. व्होल्टेज शून्य. आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे मीटरच्या भाषेत पीएच ७. मेलेला इलेक्ट्रोड नेमका तोच आकडा दाखवतो, जो पाहून सगळ्यांना बरं वाटतं.

कपाटात एक नवा इलेक्ट्रोड होता. तो भिजवला, बफरवर कॅलिब्रेट केला आणि सॅम्पलमध्ये घातला. ४.६. पीएच पेपरही लावून पाहिला, तोही तेच म्हणाला. ऑपरेटरदादांना फोन करून चुन्याचं डोसिंग वाढवायला लावलं. पहाटेपर्यंत पाणी ६.८ वर आलं.

सकाळी सीनियरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बदललास ना? झालं तर मग. मागचं उकरू नकोस." मी उकरलं नाही. कायम व्हायला अजून चार महिने होते. त्या रात्रीच्या नोंदीत 'इलेक्ट्रोड बदलला' एवढंच लिहिलं. तडा कधी गेली असेल, हे शोधायला मागची पानं मात्र चाळली. जिथून आकडे एकदम शहाणे झाले होते, तिथपासून चौदा पानं. त्यातली नऊ माझ्या अक्षरात.

हे बाबांना सांगायला मला दोन वर्षं लागली. निमित्त ग्लुकोमीटरचं. त्यांच्या स्ट्रिप्सची डबी महिनाभर झाकण उघडं ठेवून फ्रिजवर पडली होती आणि साखर 'एकदम कंट्रोलमध्ये' होती. मी वैतागले. स्ट्रिपवर एन्झाइम असतं, रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया झाली की इवलासा करंट वाहतो आणि मीटर तोच मोजतो. दमटपणाने एन्झाइम खराब झालं तरी आकडा काहीतरी येतोच, असं सगळं बोलून गेले. बोलता बोलता ती रात्रही आली.

बाबांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मागची पानं?"

"तशीच आहेत."

त्यांनी नवी डबी फोडली, एक स्ट्रिप काढली आणि झाकण घट्ट लावलं. मग बोट माझ्यापुढे केलं. "टोच."

२३८ आली.