नानांचं देणं

आवड आपली आपल्याला कळते, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. हात कशात चांगला चालतो हे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यानं पाहून सांगावं लागतं. मला ते सांगणारा माणूस गिरगावातल्या एका खिळ्यांच्या छापखान्यात भेटला. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही नानाच म्हणू लागले.

१९७८च्या पावसाळ्यात मी तिथं मुद्रितशोधनाच्या कामावर लागले. घर लालबागला, बाबा गिरणीत सांचाखात्यात. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, कथा लिहिणारी. जवळच खटाववाडीत ‘मौज’ होती, ‘सत्यकथा’ मासिक तिथून निघत होतं. मला लिहायचं होतं आणि छापखाना हा लिहिण्याच्या सर्वांत जवळचा दरवाजा वाटत होता. खाली कंपोझिटर उभ्यानं खिळे जुळवत असत, वर पोटमाळ्यावर नाना आणि मी. शाईचा आणि रॉकेलचा वास जिन्यावरून वर येई.

पहिल्याच आठवड्यात नानांनी एका दिवाळी अंकाची गॅली पुढ्यात टाकली. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून गिरगावातल्या छापखान्यांची श्रावण-भाद्रपदात जी धांदल उडे, ती मी तेव्हा आतून पाहिली. कथा माझ्या आवडत्या लेखकाची होती. मी वाचून परत दिली. नानांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, “अगं, तू कथा वाचलीस. प्रूफ कोण वाचणार?”

मग त्यांनी शिकवलं. पट्टी ओळीखाली धरायची. अर्थाकडे डोळा जाऊ द्यायचा नाही. काना, मात्रा, वेलांटी, रफार एकेक सुटा बघायचा. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, “पहिली दीर्घ, दुसरी ऱ्हस्व” असं म्हणत, आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवायचं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली भर त्यांना तोंडपाठ होती. जुन्या वळणाच्या लेखकांचे अनुच्चारित अनुस्वार ते एकही न चुकता काढत आणि जिथं लेखकानं ते मुद्दाम ठेवले असतील तिथं आधी त्याला पत्र टाकत.

हे काम मला जमलं, आणि फार लवकर जमलं. चूक माझ्या डोळ्याला पान उलटताच टोचायची. पण ते मला आवडत नव्हतं. कथेत गुंतलं की चूक निसटणार, म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी पुस्तकांकडे आले तीच बाजूला ठेवली तर काम नीट होणार. घरी स्वतःच्या आनंदासाठी पुस्तक उघडलं तरी डोळा वेलांट्या मोजत बसे. आवडीचं आणि जमणारं काम एकाच कागदावर असूनही एकमेकांच्या आड येत होतं.

एकदा मी नानांना सांगून टाकलं की मला हे सोडून लिहायचंय. त्या काळात अशा बोलण्यात डॉ. श्रीराम लागूंचं नाव हमखास निघे. चांगली चालणारी डॉक्टरी सोडून १९६९ साली, बेचाळिशीत, ते नाटकात पूर्ण वेळ आले आणि दादरच्या शिवाजी मंदिरात आम्ही त्यांना डोळे भरून पाहत होतो. मीही तेच नाव घेतलं. नाना म्हणाले, “त्यांना दोन्ही येत होतं गं. ज्याला दोन्ही येतं त्याचा प्रश्न वेगळा.” हे ऐकायला कठोर होतं. पण माझ्या कथा त्यांनी वाचल्या होत्या, आणि त्या बऱ्या आहेत, त्याहून जास्त नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. माझा प्रूफ वाचणारा डोळा मात्र नुसता बरा नाही, उत्तम आहे, असंही नाना म्हणाले. असं इतक्या सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांची स्वतःची गोष्ट मला खालच्या कंपोझिटरांकडून कळली. नाना मुळात कंपोझिटर. खिळे जुळवणं त्यांना जीव की प्राण, पण हात संथ. पानावर मजुरी मिळण्याच्या धंद्यात संथ हात म्हणजे घरी अर्धी चूल. चूक मात्र त्यांना उलट्या खिळ्यांतूनही दिसे, म्हणून मालकांनी त्यांना वर पाठवलं. ते वर गेले आणि गिरगावात त्यांनी वाचलेल्या फर्म्याला पुन्हा कुणी हात लावत नसे. तरीही जेवणाच्या सुटीत ते खाली जाऊन एखादी लग्नपत्रिका स्वतः जुळवत. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला होते आणि १८६९ साली त्यांनी ‘निर्णयसागर’ उभारला, राणोजी रावजी आरूंनी त्यासाठी अक्षरं कोरली, हे ते एखाद्या पोथीतली कथा सांगावी तसं सांगत. त्यांचं मन खालीच राहिलं होतं. डोळा मात्र त्यांनी वरच्या कामाला दिला, तोही कुरकुर न करता.

माझ्याही मनाची सोय त्यांनी पाहिली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची माझी वर्गणी त्यांनी परस्पर भरली, आणि अट घातली की तिथली पुस्तकं हातात पट्टी न घेता वाचायची. तिथून आणलेलं ‘पाडस’ मी असं वाचलं की शेवटी एकही वेलांटी आठवली नाही. राम पटवर्धनांनी ते मराठीत आणलं होतं. स्वतः एवढं सुंदर गद्य लिहू शकणारा माणूस ‘सत्यकथे’त वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कथांवर राबतो, याचा अर्थ मला तेव्हा थोडा लागला.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत बाबा होते. बाबा पट्टीचे विणकर. सांच्याच्या नुसत्या आवाजावरून कुठला धोटा अडणार ते सांगत. त्या कामावर त्यांचं प्रेम नव्हतं, त्या कामानं त्यांचे कान अधू केले होते. प्रेम पखवाजावर. रात्रपाळी नसेल त्या दिवशी गावच्या भजनी मंडळात ते बुवांच्या शेजारी बसत. संप लांबला, गिरणी पुन्हा उभी राहिली नाही, आणि अर्ध्या आयुष्याची ती हातोटी घ्यायला कुणी उरलं नाही. आवड हे चोचले आणि कसब हेच पोट, असं आमच्याकडे सगळे धरून चालत. बाबांचं कसब गिरणीबरोबर गेलं. पखवाज तेवढा राहिला.

त्या दिवसांत घर माझ्या प्रुफांवर चाललं. छापखान्याच्या पगाराखेरीज बाहेरची प्रुफं मला मिळू लागली, संध्याकाळी पिशवीत घालून मी ती लालबागला आणायची. ती कामं मुळात नानांची होती, हे मला फार उशिरा कळलं. ‘माझे डोळे थकलेत, पोरगी माझ्याहून बरी वाचते’ असं सांगत ते एकेका प्रकाशकाकडे गेले होते. डोळे थकले नव्हते. त्यांच्या घरीही पैशाची गरज होतीच.

पुढे संगणक आले, खिळे भंगारात वजनावर गेले. कंपोझिटरांपैकी दोघे-तिघे टायपिंग शिकले, बाकीचे गावी परतले. प्रूफ वाचणाऱ्याची गरज उरली, म्हणून मी उरले. आजही हेच करते. या कामाची आवड पुढे आपोआप लागते असं नाना म्हणत. मला ती तशी लागली नाही. पण चार माणसांनी विश्वासानं पान पुढं करावं, याला आनंद म्हणू नये तर काय म्हणावं, हेही मला ठरवता आलेलं नाही.

कथा मी लिहीतच राहिले, सावकाश. त्यांचं एक लहानसं पुस्तक निघालं तेव्हा नाना निवृत्त होते. प्रुफं त्यांनी हट्टानं मागून घेतली, कारण आपलं लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही. मी वाचलेल्या पानांत त्यांनी चुका काढल्याच. प्रुफं आणायला गेले तेव्हा मजुरी विचारली. ते म्हणाले, “बाबांना म्हणावं, आमच्या वाडीच्या गणपतीत भजनाला या.”

बाबा गेले. मंडळाला घेऊन गेले. नाना पहिल्या रांगेत पाटावर बसले होते, आणि पहाटेपर्यंत त्या वाडीत बाबांनी पखवाज वाजवला.