चेहऱ्याचा मूळ पाठ

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन करताना आम्हां दोघांच्या हातून एक चूक घडली, आणि ती शुद्धिपत्रात बसणारी नव्हती. मुखपृष्ठासाठी बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने आपले छायाचित्र दिले होते. सुती साडी, खिडकीकडे किंचित वळलेला चेहरा. एखाद्या फॅशनच्या मासिकात शोभावे असे. पाहताक्षणीच आम्ही निकाल देऊन मोकळे झालो : हे संगणकावर उजळलेले आहे. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ओळीने काढलेले अकरा फोटो तिने मोबाइलवर आमच्यासमोर ठेवले. आरंभीच्या फोटोंत ती भिंतीशी उभी होती, पुढच्यांत खिडकीपाशी. वर्ण उजळला होता तो उमरखेडच्या डिसेंबरातल्या सकाळच्या उन्हाने.

आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे दरवर्षी सांगतो. कठीण शब्द न कळल्याने लेखनिक त्याच्या जागी सोपा शब्द ठेवतो, हेही सांगतो. छायाचित्र गुळगुळीत करणारा याच लेखनिकाचा वंशज. साडीचा धागान् धागा स्पष्ट दिसावा आणि गालावर मात्र एकही रंध्र दिसू नये, चेहरा एका रंगाचा आणि मान, कोपर, बोटांची पेरे दुसऱ्या रंगाची असावीत, कमरेमागची दाराची चौकट नेमकी तेथेच वाकावी, दोन वस्तूंच्या सावल्या दोन दिशांना पडाव्यात : या खुणा हाती लागल्या, तर संशयाला आधार मिळतो. पण आधार म्हणजे सिद्धता नव्हे. चांगली रंगभूषा रंध्रे झाकते, मऊ प्रकाश सुरकुत्या पुसतो, आणि छपाईत बारीक तपशील हरवतात.

2003 साली ब्रिटनच्या ‘जीक्यू’ मासिकाच्या मुखपृष्ठावरील आपली देहयष्टी संगणकावर बारीक केली आहे, असे अभिनेत्री केट विन्स्लेट हिने स्वतःच सांगितले. तेथे प्रश्न मिटला, कारण साक्ष प्रत्यक्ष त्या देहाची होती. 2010 च्या अखेरीस ‘एल’च्या भारतीय आवृत्तीवर ऐश्वर्या राय हिची त्वचा उजळल्याचा आक्षेप घेतला गेला, तेव्हा वाचकांच्या हाती होती ती तिच्या इतर छायाचित्रांची आठवण. आणि ती छायाचित्रे तरी मूळ पाठ कशावरून? 2011 मध्ये एरिक की आणि हॅनी फरीद या संशोधकांनी फेरफाराचे प्रमाण एक ते पाच अशा श्रेणीत मोजण्याची पद्धत मांडली; तिलाही मूळ आणि बदललेले अशी दोन्ही छायाचित्रे समोर लागतात. एकाच प्रतीवरून पाठनिश्चिती करणे अवघड, हे आम्हांला पोथ्यांच्या बाबतीत ठाऊक होते. चेहऱ्याच्या बाबतीत आम्ही ते सोयीस्करपणे विसरलो.

का विसरलो, याचे उत्तर सुखद नाही. वरीलपैकी एकही खूण आम्ही तपासली नव्हती. ती विद्यार्थिनी वर्गात मागच्या बाकावर बसते; तेथे उजेड कमी. त्या अंधारातला तिचा चेहरा आम्ही प्रमाण प्रत मानला आणि उन्हातला प्रक्षिप्त ठरवला. रंगावरून भेद करू नये, असे निबंध तपासणाऱ्यांनी एका सावळ्या मुलीच्या देखणेपणाला पुरावा मागितला. गोऱ्या मुलीचे तेच छायाचित्र असते, तर आम्ही मूळ फाइल मागितली असती काय? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे.

म्हणून संशय घेणे सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. 2017 पासून फ्रान्समध्ये मॉडेलचा बांधा संगणकावर बदललेल्या जाहिरातींवर तसे नमूद करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पुसलेल्या त्वचेशी आपली त्वचा ताडून पाहणाऱ्या मुली आमच्याही वर्गात आहेत. मात्र संशय प्रतीवर असावा, माणसावर नव्हे. आणि तो घेताना आपल्या डोळ्यांचीही चिकित्सा व्हावी.

आम्ही तिची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, “सर, मॅडम, आतल्या पानावर माझं नाव तेवढं बरोबर छापा.” त्या नावाची मुद्रिते आम्ही दोघांनी तीनदा तपासली.